झोळीभर सामान आणि दूरची शहरे



दूरदेशीची शहरे पाहणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली एक पक्की समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, ते आज पाहू.

दक्षिण अमेरिका आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला. तिथल्या लिमा, कुस्को, ला पाझ या शहरांतून देशोदेशीचे तरुण पाठीवर एक पिशवी टाकून महिनोन् महिने हिंडतात. त्यांची रीत अगदी साधी आहे. लांबचा पल्ला रात्रीच्या बसने गाठायचा, म्हणजे मुक्कामाचे भाडे वाचते. निजायचे ते आठ-दहा जणांच्या सामाईक खोलीत. जेवायचे मंडईत, जिथे हमाल आणि भाजीवाल्या जेवतात तिथे. ला पाझच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांना २०१४ पासून तारेवरून सरकणारे पाळणे जोडतात. कामावर जाणाऱ्यांचेच ते वाहन. त्यांच्याच तिकिटात पाहुण्यालाही सारे शहर वरून दिसते. कुस्को मात्र अकरा हजार फूट उंचीवर. हवा विरळ, म्हणून पहिले दोन दिवस स्वस्थ बसावे लागते. या विश्रांतीला पैसे पडत नाहीत, धीर लागतो.

ऐकून नवल वाटते ना? पण ही रीत आपल्या घरचीच आहे. समर्थ रामदास जांबचे. हे गाव पूर्वी आपल्या अंबड तालुक्यात होते, आज घनसावंगी तालुक्यात आहे. नाशिकजवळ टाकळीला तप झाल्यावर ते बारा वर्षे पायी देशभर हिंडले, असे परंपरा सांगते. जवळ झोळी, पोटाला भिक्षा.

दुसरे उदाहरण तर खास शहरांचे आहे. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, असे कळले, आणि १८५७ साली हा भिक्षुक चुलत्याबरोबर पायी निघाला. वाटेत बंडाची धामधूम सुरू झाली. तरी ग्वाल्हेर, झाशी, पुढे लखनौ, अयोध्या, काशी अशी शहरे त्यांनी पाहिली. १८५८ साली झाशीला वेढा पडला, तेव्हा ते शहरातच होते. जमवलेली कमाई लुटली गेली. कर्ज फेडायला निघालेला माणूस परतला तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन! आता सांगा, हा प्रवास वाया गेला म्हणायचे का? पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या. वैद्यांनी त्या १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापल्या. झाशीच्या राणीचे शहर एका साध्या मराठी माणसाने डोळ्यांनी कसे पाहिले, हे आज आपल्याला त्यातून कळते. पैसा गेला, पण पाहिलेले कुणी लुटू शकले नाही.

हा प्रवास कशाच्या बळावर झाला? एक तर सामान थोडे. दुसरे, पदरी विद्या. जिथे जावे तिथे वेदपठणाचा उपयोग होई. आणि तिसरे, सर्वांत मोठे बळ म्हणजे परक्या गावी मिळणारा आसरा. धर्मशाळा, घाट, विहीर, अन्नछत्र ही वाटसरूची खरी शिदोरी. अहिल्याबाई होळकरांनी देशभर अशी बांधकामे केली. अंबडची बारवही त्यांच्याच नावाने सांगितली जाते. वाटसरूचा खर्च कमी होतो, तो कुणीतरी आधी उचललेला असतो म्हणून. हे ध्यानात ठेवले, तर स्वस्त प्रवासाला भिकारपणा येत नाही, कृतज्ञता येते.

ती वाट आजही बंद झालेली नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आपल्या जालन्यावरून जाते, आणि झाशी, ग्वाल्हेर, मथुरा ही विष्णुभटांच्या वाटेवरची गावे घेत पुढे दिल्लीकडे निघते. वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख सेवेकरी उतारूंना लंगरचे जेवण फुकट वाढतात. जात नाही, धर्म नाही, तिकिटाचा वर्ग नाही. भांडे तेवढे आपले आपण न्यायचे.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, एक विनंती आहे. सहल काढाल तेव्हा मुलांना तीन नियम घालून द्या. आपले सामान आपणच उचलायचे. म्हणजे ते आपोआप कमी होते. दुकानापेक्षा मंडई, नदीचा घाट आणि जुनी वेस आधी पाहायची. आणि रोज रात्री पाहिलेले चार ओळींत लिहायचे, खर्चाच्या हिशेबासकट. त्या वहीत एखादा विष्णुभट दडलेला असेल, कुणी सांगावे!

आणि गावकरी मंडळी, उद्या एखादा पोरगा पाठीला पिशवी लावून आपल्या पारावर टेकला, तर त्याला रिकामटेकडा म्हणण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे करा. आपली मुले परमुलखात निघतील, तेव्हा त्यांच्याही पुढे कुणीतरी तो करायला हवा ना?