हक्काचे साधन, हक्काचे गाणे

(संगीताचे ध्वनिमुद्रण आणि मुक्त संगणकप्रणाली या विषयावर कुटुंबमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



वकिलाने संगीतावर बोलावे, हे आपणापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मला गाता येत नाही आणि कोणतेही वाद्य वाजवता येत नाही. परंतु ज्या साधनाने आज आपली मुले घरच्या घरी गाणी मुद्रित करीत आहेत, त्या साधनाशी कायद्याचा फार निकटचा संबंध आहे. आणि त्या संबंधाचा विचार आपणापैकी फार थोड्यांनी केला आहे. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

प्रथम एक घरगुती हकिकत सांगतो. माझी एक आत्या होती. जात्यावरच्या ओव्यांपासून जयंतीच्या गाण्यांपर्यंत कितीतरी गीते तिला तोंडपाठ होती आणि त्यांपैकी पुष्कळशी कोठेही लिहिलेली नव्हती. माझ्या पुतण्याने आपल्या संगणकावर तिची सात गाणी मुद्रित केली. आत्याचा आवाज, ढोलकी आणि पेटी यांचे निरनिराळे मुद्रण करून त्याने ते एकत्र केले. त्यासाठी वापरलेले सॉफ्टवेअर मात्र एका मित्राकडून मिळवलेली चोरटी प्रत होती. घाईत केलेल्या मिश्रणात ढोलकी मोठी झाली आणि आत्याचा आवाज तिच्याखाली दबला. ‘पुढे सावकाश दुरुस्त करू’ असे ठरले. दोन वर्षांनी संगणक बिघडला. नव्या संगणकावर ती प्रत चालेना. तिने परवान्याचा पुरावा मागितला. पैसे भरून परवाना घेऊ म्हटले, तर ती आवृत्ती विक्रीतून गेली होती आणि नवी आवृत्ती जुन्या फायली उघडीना. तोवर आत्या निवर्तली होती. आज त्या सात गाण्यांत ढोलकी स्पष्ट ऐकू येते. आत्या ऐकू येत नाही.

पुतण्या मला म्हणाला, “काका, तुम्ही वकील आहात. काही करता येईल का?” मला मान खाली घालावी लागली. ज्याने ते सॉफ्टवेअर तयार केले त्याचा यात काडीमात्र दोष नव्हता. आमचा त्या वस्तूवर कोणताच हक्क नव्हता, आणि ज्याच्यापाशी हक्क नाही त्यास दाद मागण्यास जागा नाही. हे तत्त्व मी लॉ कॉलेजात शिकलो होतो. घरात शिकण्याची पाळी त्या दिवशी आली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमला हा कायदा साहित्यकृतीचे संरक्षण देतो. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३ ब अन्वये गुन्हा आहे. त्यास कमीत कमी ७ दिवसांचा आणि जास्तीत जास्त ३ वर्षांचा कारावास, तसेच ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी अगर लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून कारावास टाळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. ‘सगळेच वापरतात’ हा बचाव कोणत्याही कलमात नाही. परंतु मी शिक्षेची भीती घालण्यास उभा राहिलेलो नाही. माझे म्हणणे असे की, चोरीच्या साधनावर उभारलेले काम हे दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घरासारखे आहे. घर कितीही सुंदर असो, पायाखालची जमीन आपली नव्हे.

मग गरिबाच्या मुलाने करावे काय? संगणक कसाबसा घेतला, त्यावरील सॉफ्टवेअरचे पैसे कोठून आणावे? या प्रश्नाचे एक उत्तर आज आपल्या हाती आहे, आणि ते सन्मानाचे आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणक चालविणारी संपूर्ण प्रणाली अशी असावी की, वापरणाऱ्यास तिच्यावर हक्क असावेत, हा त्यांचा हेतू होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स नावाचा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या दोहोंच्या मिलाफातून आजच्या मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या.

‘मुक्त’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. फुकट ही देणाऱ्याची मेहेरबानी असते. ती आज आहे, उद्या नाही. मुक्त ही घेणाऱ्याची कायदेशीर स्थिती असते. हा परवाना वापरणाऱ्यास चार हक्क देतो. पहिला, कोणत्याही कामासाठी प्रोग्रॅम चालविण्याचा. दुसरा, तो आतून कसा बनला आहे हे वाचण्याचा आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचा. तिसरा, त्याच्या प्रती इतरांस देण्याचा. चौथा, आपण सुधारलेली प्रत इतरांस देण्याचा. मोबदल्यात एक अट आहे: जो ही प्रत पुढे देईल, त्याने घेणाऱ्यासही हेच हक्क द्यावेत. जे मला मिळाले ते दुसऱ्यापासून हिरावून घेण्याची मुभा मला नाही. ही केवळ सदिच्छा आहे असे कोणी समजू नये. जर्मनीत म्युनिक येथील न्यायालयाने २००४ साली हा परवाना बंधनकारक मानून त्याची अंमलबजावणी केली आहे.

आता संगीताकडे वळतो. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली पुष्कळ आहेत. त्यांपैकी उबुंटू स्टुडिओ ही २००७ पासून निघत असून ती खास ध्वनी, चित्र व चलच्चित्र यांच्या कामासाठी सजविलेली आहे. तिच्यात आर्डॉर नावाचे सॉफ्टवेअर मिळते. गायक, ढोलकी, पेटी, कोरस यांचे वेगवेगळे पट्टे मुद्रित करून त्यांचे मिश्रण करण्याचे काम ते करते. साध्या मुद्रणास व काटछाटीस ऑडॅसिटी आहे. तालाच्या ठेक्यासाठी हायड्रोजन आहे. आर्डॉरचे मूळ कर्ते पॉल डेव्हिस यांनीच जॅक नावाची जोडणीही निर्माण केली. तिच्यायोगे एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात वायर जोडावी तसा नेता येतो. अलीकडे हे काम पाइपवायर नावाची नवी व्यवस्था करते.

संगणकावर गाताना एक अडचण येते, ती समजून घ्यावी. गायक गातो, तो आवाज संगणकात शिरतो आणि कानावरच्या हेडफोनमध्ये परत येतो. या फेऱ्यास जो वेळ लागतो त्यास लेटन्सी म्हणतात. संगणक सेकंदास ४८,००० वेळा आवाजाचे माप घेतो आणि ती मापे गठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा १,०२४ मापांचा असेल, तर त्यातच २१ मिलिसेकंद जातात. २५६ चा केला, तर ५ मिलिसेकंदांहून थोडे अधिक जातात. आवाज हवेतून ५ मिलिसेकंदांत सुमारे पावणेदोन मीटर जातो, म्हणजे शेजारी बसलेल्या ढोलकीवाल्याइतके अंतर. २१ मिलिसेकंदांत तो सात मीटर जातो, म्हणजे ढोलकीवाला अंगणापलीकडे बसल्यासारखा. आत येताना आणि बाहेर जाताना, असा हा विलंब दोनदा लागतो. म्हणून गाताना गठ्ठा लहान ठेवावा. मिश्रण करताना मोठा केला तरी चालतो. लहान गठ्ठा न चुकता हाताळता यावा म्हणून लिनक्सच्या गाभ्यात जी तातडीची व्यवस्था हवी होती, तिच्यावर सुमारे २० वर्षे काम चालले आणि २०२४ साली ती मूळ गाभ्यात समाविष्ट झाली.

आता आक्षेपांचा विचार करू. कोणी म्हणेल, ‘जे फुकट मिळते ते हलके असते.’ या आक्षेपास माझे उत्तर असे की, हा परवाना पैसे घेण्यास मनाई करीतच नाही. आर्डॉरची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. पण त्याच्या कर्त्यांच्या संकेतस्थळावरून तयार प्रत घेणाऱ्याकडून ते पैसे मागतात, आणि ते रास्तच आहे. ज्याला शक्य आहे त्याने द्यावे. कारागिराच्या श्रमाचे मोल नाकारणे आपणास तरी शोभणार नाही.

दुसरा म्हणेल, ‘मोठ्या स्टुडिओत दुसरेच सॉफ्टवेअर चालते.’ हे खरे आहे. काही नामांकित प्लग-इन आणि काही कंपन्यांचे ऑडिओ इंटरफेस लिनक्सवर चालत नाहीत, हेही खरे आहे. ज्याच्या पोटाचा धंदा त्यावर अवलंबून आहे, त्याने ते रीतसर विकत घ्यावे. विकत घेण्यात कमीपणा नाही. मात्र घरच्या मुद्रणाचा प्रत्येक पट्टा वेव्ह स्वरूपाच्या फायलीत काढून दिला, तर तो कोणत्याही स्टुडिओत उघडतो.

तिसरा म्हणेल, ‘शिकायला वेळ लागतो.’ लागतो. वाचायला शिकण्यासही वेळ लागला होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी तो दिला, म्हणून आपण आज ही पाने वाचतो आहोत.

एक शंका मला वारंवार विचारली जाते: ‘मुक्त सॉफ्टवेअरवर केलेले गाणे सर्वांचे होते काय?’ नाही. परवाना प्रोग्रॅमला लागू आहे; त्यावर तुम्ही निर्माण केलेल्या गाण्याला नव्हे. गाणे तुमचेच राहते. आणि येथे आपला कायदाही तुमच्या बाजूस आहे. ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार घेतो व जबाबदारी उचलतो, त्यास कायदा निर्माता मानतो, आणि मुद्रणाचा पहिला हक्क त्याचा असतो. तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. नव्या गीताच्या शब्दांवर कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. परंपरेच्या ओवीवर कोणाचा हक्क नसला, तरी ती गाणाऱ्या बाईचा आपल्या गायनावर ५० वर्षे हक्क असतो. यांपैकी काहीही दुसऱ्यास द्यावयाचे, तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांस रॉयल्टीचा जो वाटा दिला, तो सोडून दिल्याचे कागदावर लिहून घेतले तरी जात नाही. आपल्या कितीतरी शाहिरांनी आणि जलशांच्या गायकांनी जन्मभर गाणी दिली; त्यांची गाणी पुढील पिढ्यांपर्यंत तोंडी आली, हक्क मात्र आले नाहीत. तो प्रकार आपल्या मुलांच्या बाबतीत घडू नये.

तेव्हा प्रत्यक्षात काय करावे, ते सांगून मी थांबतो.

पहिली गोष्ट, घरातील संगणकावर कोणते सॉफ्टवेअर परवान्याचे आहे आणि कोणते चोरीचे आहे, याची मुलांसमवेत बसून यादी करा. मुलांस रागावू नका, पर्याय द्या.

दुसरी, नवी प्रणाली आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. संगणकातील जुन्यास हात न लावता ती तपासता येते. आपला मायक्रोफोन आणि इंटरफेस त्यावर चालतो अशी खात्री झाली, म्हणजे महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढून मगच ती संगणकात बसवा.

तिसरी, प्रत्येक गाण्याचे सर्व पट्टे वेगवेगळ्या वेव्ह फायलींत काढून दोन ठिकाणी ठेवा. २४ बिट व ४८,००० मापांचा एक पट्टा मिनिटाला सुमारे ९ मेगाबाइट जागा घेतो. पाच मिनिटांचे आठ पट्ट्यांचे गाणे साडेतीनशे मेगाबाइटांत मावते. ही जागा आज महाग नाही. आम्ही ती वाचवली आणि काय गमावले, ते मी आपणास सांगितले.

चौथी, वहीत एक पान करा. गाणे कोणी रचले, कोणी गायले, कोणी वाजवले, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या पुढाकाराने मुद्रित केले, ते लिहून सर्वांच्या सह्या घ्या. न्यायालयात अशा एका पानाने काम भागते. ते नसेल, तर दहा साक्षीदार उभे करावे लागतात.

आणि शेवटची गोष्ट मायभगिनींसाठी. आपल्या घरात जी आजी, जी मावशी, जी आत्या आज गाते आहे, तिचे मुद्रण पुढल्या महिन्यावर टाकू नका. माझ्या पुतण्याने आता मुक्त प्रणाली घेतली आहे. परवा त्याने माझ्या आईची तीन गाणी मुद्रित केली. ढोलकीचा पट्टा निराळा आहे, आईचा निराळा आहे, आणि दोन्हींच्या प्रती माझ्या कपाटात दस्तऐवजांशेजारी ठेवल्या आहेत. त्या कोणत्या संगणकावर, केव्हा आणि कशाने उघडाव्यात, यासाठी आम्हास आता कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.