माळ आणि सदसद्विवेक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच रानड्यांपुढे, टिळकांपुढे आणि गोखल्यांपुढे १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले आले आणि शहरात ग्रामण्य माजले. चहा कोण प्याले, कोणी प्रायश्चित्त घेतले, हे आपणांपैकी पुष्कळांना पाठ असेल. पण त्या मिशनमधली माणसे देवापुढे बसून काय करीत होती आणि तिथवर कशी आली होती, हे आपण फारसे विचारले नाही. आज मी तेवढेच विचारणार आहे.

माझा अधिकार काय, असे कोणी म्हणेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आयुष्य कारखान्यांच्या गेटवर गेले. वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर. या विषयाकडे मला पुस्तकाने नव्हे, आमच्या युनियनमधल्या एका फिटरने वळवले.

हा फिटर नगरकडचा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्या भागात अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालापासून काम करीत आले. त्याचे आजोबा त्या मिशनचे, म्हणजे घराणे प्रॉटेस्टंट. माणूस, देव आणि बायबल, यांच्यामध्ये चौथा कोणी नको, ही त्या पंथाची शिकवण. हा मात्र ऐन तिशीत कॅथलिक झाला. तिथे धर्मगुरू आला, मिस्सा आली, संत आले, मरियामाता आली. घरी वडिलांनी दोन वर्षे बोलणे टाकले.

मी त्याला विचारले, "अरे, एका ख्रिस्ताकडून त्याच ख्रिस्ताकडे जायला घर कशाला मोडलेस?"

तो म्हणाला, "भाऊ, आमच्या घरी प्रार्थना ज्याने त्याने आपल्या शब्दांत करायची. वडील फार सुंदर करीत. मी तिसऱ्या पाळीहून आलो की मला शब्दच सुचत नसत. शब्द नाहीत म्हणजे विश्वास नाही, असे वाटून मी झुरत होतो. रोझरीत शब्द तयार असतात. दहा मणी, दहा वेळा तेच 'नमो मरिया'. मी दमलो तरी माळ दमत नाही."

त्याचे वडील म्हणत, तीच ती अक्षरे घोकणे म्हणजे पोकळ बडबड. ख्रिस्तानेच ती वर्ज्य केली आहे. ज्याच्या घरी हरिपाठ झाला आहे त्याने या वादात घाईने निकाल देऊ नये. मरियेबद्दल मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ती देव नव्हे. आपली अर्जी पुढे नेणारी आई." साहेबाच्या केबिनमध्ये एकट्याने जायला न धजणारे शेकडो कामगार मी पाहिले आहेत, मला ते पटकन समजले. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते. तिथे त्याच्याबरोबर गेलो, तेव्हा 'माउली' हा शब्द ऐकून मला परके वाटले नाही.

आता पंचहौदाकडे येतो. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करायला त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि खंडन करता करता १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. आरंभी ते प्रॉटेस्टंट मिशनरी मंडळींत होते. पुढे त्यांचा ओढा चर्चची परंपरा, संस्कार आणि व्रतस्थ जीवन यांकडे वळला. १८७६ साली ते इंग्लंडला जाऊन काउली फादरांच्या मठात उमेदवार म्हणून दाखल झाले. हे फादर अँग्लिकन. रोमच्या पोपची सत्ता ते मानीत नसत, पण उपासना जुन्या कॅथलिक वळणाची करीत. पंचहौद मिशन त्यांचेच. ज्याने सहाही दर्शनांशी एकट्याने झुंज घेतली, त्या पंडिताला अखेर एकट्याची बुद्धी पुरेशी वाटेना. शतकानुशतके चालत आलेल्या एका मंडळीचा आधार त्याला हवा होता.

याच गोऱ्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंच्या शंका फिटल्या. १८८३ साली वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मठाच्या भगिनींनी सारी मते जशीच्या तशी स्वीकारा म्हटल्यावर बाई अडल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या गळी उतरेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एका पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही.

तिसरा माणूस बंगालचा, ब्रह्मबांधव उपाध्याय. त्यांचे वळण आपल्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये घडले. आजारी वडिलांपाशी 'कॅथलिक बिलीफ' नावाचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. १८९१ साली ते आधी अँग्लिकन पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि काही महिन्यांतच रोमन कॅथलिक. पुढे भगवी वस्त्रे घातली. ज्या त्रैक्यापाशी रमाबाई अडल्या, त्याचेच त्यांनी १८९८ साली सच्चिदानंद म्हणून संस्कृतात स्तोत्र रचले. नर्मदेकाठी कॅथलिक मठ काढू गेले, तर चर्चच्या वरिष्ठांनीच तो बंद पाडला. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात अडकले आणि १९०७ साली वारले. रमाबाईंनी मागितलेला लॅटिनचा जाच रोमने दूर केला, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात. तेव्हा तो दिलासा पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.

मी या माणसांत इतका का गुंतलो, ते सांगतो. एका कारखान्यात आमचा संप तिसऱ्या महिन्यात गेला होता. तडजोड घ्यावी असे माझे ठाम मत होते. सभेत बहुमत विरुद्ध पडले. मी शिस्त पाळली. दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहून, मला न पटलेलाच निर्णय गळा फोडून समजावून सांगितला. संप फसला. चाळीस घरांची भाकरी गेली. त्या रात्री रमाबाई माझ्यापुढे उभ्या होत्या: तुझा विवेक तू कोणाच्या हवाली केलास? आणि गोरेशास्त्रीही उभे होते: जो तो आपल्या विवेकाने चालू लागला असता तर तीन महिने तरी टिकला असता का?

मी ते फिटरला बोललो. त्या चाळिसांत तोही होता. तो म्हणाला, "भाऊ, आमच्यात चूक मनातल्या मनात कबूल करून भागत नाही. माणसापुढे तोंडाने बोलावी लागते. तुम्ही सभेत बोला." मी बोललो. त्या चाळीस जणांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, तडजोड घ्यावी असे मला वाटत होते, ते मी तुमच्यापासून लपवले, ही माझी चूक. काही उठून गेले. काही बसून राहिले.

गोरे बरोबर की रमाबाई, याचा निकाल द्यायची माझी पात्रता नाही. एवढे कळले, की शिस्त पाळणाऱ्यानेही आपले मत झाकून ठेवू नये. रमाबाईंनी ते मठाच्या भगिनींना उघडपणे सांगितले होते. आणि एकट्याला शब्द सुचेनासे झाले, तर दुसऱ्यांनी घडवलेली माळ हातात घेण्यात कमीपणा नाही. गुरुवार पेठेतून जाताना चहाची गोष्ट जरूर सांगावी. तिच्याबरोबर गोरेशास्त्र्यांचीही सांगावी, एवढीच माझी विनंती आहे.