नऊ महिन्यांचे सरकार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या इतिहासाच्या पुस्तकात इटलीचे एकीकरण दोन पानांत उरकलेले असे. मॅझिनी, काव्हूर, गॅरिबाल्डी ही तीन नावे लिहिली, 1861 आणि 1870 ही दोन साले घातली, की गुण मिळत. सावरकरांनी 1907 साली मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणल्यामुळे ती नावे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असत. पण या दोन सालांच्या मध्ये काय घडले, हे आपल्याला कोणी विचारले नाही. त्यातलीच एक गोष्ट आज सांगतो. तिचा नायक चौथाच आहे : उर्बानो रात्ताझ्झी.

हा पीडमाँटचा वकील, डाव्या मध्यममार्गी गटाचा पुढारी. 1852 मध्ये त्याने उजव्या मध्यममार्गी काव्हूरशी हातमिळवणी केली. लोक चेष्टेने या युतीला ‘कोनुबिओ’, म्हणजे ‘लग्न’ म्हणू लागले. पण ते लग्न टिकले, कारण अटी आधी ठरल्या होत्या : राजा, राज्यघटना, स्वातंत्र्य आणि सुधारणा. या चार गोष्टींवर दोघांचे एकमत होते. बाकीचे मतभेद त्यांनी चालवून घेतले.

जून 1861 मध्ये काव्हूर वारला. त्याच्या जागी आलेला रिकासोली फार दिवस टिकला नाही आणि 3 मार्च 1862 रोजी रात्ताझ्झी पंतप्रधान झाला. त्याच्या मंत्रिमंडळात उजव्यांपैकी क्विंतिनो सेल्ला अर्थमंत्री होता, तर डाव्यांपैकी आगोस्तिनो देप्रेतिस सार्वजनिक बांधकाम खात्याचा मंत्री. याच देप्रेतिसने 1860 मध्ये सिसिलीत गॅरिबाल्डीच्या वतीने कारभार पाहिला होता.

सर्वांत अवघड प्रश्न रोमचा होता. रोम पोपच्या ताब्यात होते आणि पोपच्या रक्षणाला तिसऱ्या नेपोलियनची फ्रेंच फौज होती. म्हणजे रोमवर चाल करणे हे फ्रान्सशी युद्ध पुकारण्यासारखेच. राजाला रोम हवे होते, डाव्यांना ते लगेच हवे होते आणि उजव्यांना फ्रान्सची मैत्री गमवायची नव्हती. रात्ताझ्झीने या प्रश्नावर स्पष्ट ‘हो’ही म्हटले नाही आणि स्पष्ट ‘नाही’ही.

गॅरिबाल्डीने त्या मौनाचा अर्थ ‘संमती’ असा घेतला. उन्हाळ्यात तो सिसिलीत उतरला, ‘रोम किंवा मरण’ अशी घोषणा दिली, स्वयंसेवक गोळा केले आणि ऑगस्टमध्ये सामुद्रधुनी ओलांडून कालाब्रियात आला. तोवर सरकारला फ्रान्सची भीती वाटू लागली होती. 29 ऑगस्ट रोजी अस्प्रोमोंतेच्या डोंगरात इटलीच्याच सैन्याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या घोट्यात गोळी शिरली. राष्ट्राचा नायक राष्ट्राच्याच तुरुंगात गेला. दोन वर्षांपूर्वी त्याचाच प्रतिनिधी असलेला देप्रेतिस त्या वेळी मंत्री होता.

त्याहून जड गोष्ट पुढची आहे. सैन्य सोडून गॅरिबाल्डीकडे गेलेल्या सात जणांना सप्टेंबरच्या आरंभी सिसिलीतल्या फांतीना गावी खटला न चालवता गोळ्या घालण्यात आल्या. गॅरिबाल्डीला ऑक्टोबरमध्ये माफी मिळाली. या सातांना माफीची वाट पाहायची संधीच मिळाली नाही.

मग सरकारही गेले. उजवे नाराज, डावे संतप्त. डिसेंबर 1862 मध्ये फारिनीचे मंत्रिमंडळ आले. रात्ताझ्झीचे सरकार जेमतेम नऊ महिने चालले. 1867 मध्ये तो पुन्हा पंतप्रधान झाला, तेव्हाही रोमबाबत तेच संदिग्ध धोरण, पुन्हा गॅरिबाल्डी आणि पुन्हा राजीनामा. शेवटी 1870 मध्ये प्रशियाशी लढण्यासाठी फ्रेंच फौज परत गेली, तेव्हाच रोम इटलीला मिळाले.

मित्रहो, आज या सभागृहात वेगवेगळ्या पक्षांची आणि विचारांची माणसे शेजारी शेजारी बसली आहेत. आपल्यापैकी अनेकजण सोसायट्या, पतसंस्था, पंचायती चालवतात. तिथे युती करावीच लागते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. 1852 ची युती इटलीला उपकारकच ठरली. मात्र ज्या प्रश्नावर भांडण होणार हे आपल्याला ठाऊक असते, तोच प्रश्न पहिल्या बैठकीत मांडावा. तो टाळला तर बैठक गोडीत पार पडते, चहाही होतो. पण पुढे त्या मौनाची किंमत बैठकीला नसलेली माणसे मोजतात. फांतीनाचे ते सात जण कोणत्याही बैठकीला नव्हते.