कळसूबाईची रात्रीची वाट
(झाशी येथील पालकसभेत सहलीपूर्वी केलेले भाषण)

पालकहो,

सहलीची सूचना वाचून आपल्यापैकी अनेकांनी विचारले, डोंगर चढायचा तर रात्रीच का? काहींनी हलक्या आवाजात आणखी एक प्रश्न केला : मुलींनाही नेणार का?

पहिल्याचे उत्तर दगडात आहे. आपल्या बुंदेलखंडाचा दगड ग्रॅनाइटचा. आपला किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तीही त्याचीच. सह्याद्री मात्र लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, काळ्या बेसॉल्टचा. त्यामुळे तिथली चढण टप्प्याटप्प्याने येते : उभा कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा. कळसूबाईच्या अवघड कड्यांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत. वरच्या अंगाला सावली फारशी नाही. दिवसा कातळ तापतो आणि शिडीचे लोखंडही. मध्यरात्रीनंतर बारी गावातून निघालो, तर १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील त्या सर्वोच्च माथ्यावर सूर्योदयापूर्वी पोहोचता येते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग हळूहळू उजळताना पाहणे, हे पाठ्यपुस्तकातील नकाशाने होणारे काम नव्हे.

दुसरा प्रश्न या नगरीत विचारला जावा, याचे नवल वाटते. तरी मी राणीसाहेबांचा दाखला देणार नाही. तो आपण प्रत्येक समारंभात देतो आणि घरी विसरतो. त्या डोंगराचीच दंतकथा सांगतो. कळसू ही कोळ्याची लेक. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर ती चाकरीस राहिली. एके दिवशी तेच काम तिला सांगण्यात आले, तशी ती डोंगरावर निघून गेली आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली. माथ्यावर आज तिचे लहानसे देऊळ आहे. तिथे आपल्या मुलींनी जाऊ नये?

धोका नाही, असे मी म्हणणार नाही. म्हणून सर्वांत सावकाश चालणारा पुढे राहील, शेवटी शिक्षक. शिडीवर एका वेळी एकच जण. विजेरी कपाळाला, हात मोकळे. प्रत्येक पदरावर मोजणी. कोणी दमून थांबला, तर दोन शिक्षक त्याच्याजवळ थांबतील. धुके दाटले तर सगळेच परततील, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. हा शेवटचा नियम मुलांना मुळीच आवडलेला नाही. तो आपण घरी पुन्हा समजावून सांगावा.

पंजाब मेलने इगतपुरी, तेथून घोटीमार्गे बारी. संमतीपत्रावर आई आणि वडील, दोघांचीही स्वाक्षरी हवी.