कोपराचं जुनं दुखणं आणि सोनोग्राफी

टेनिस एल्बो म्हटलं की आपल्याला सचिन तेंडुलकर आठवतो. 2004 मध्ये याच दुखण्यानं त्याला मैदानाबाहेर बसवलं होतं. पण दवाखान्यात येतात त्या धुणं पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायका, सुतार, गवंडी, दिवसभर माऊस धरणारी मंडळी.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा तिथं चिकटलेली असते; या दुखण्यात तीच झिजते. दुखणं नवं असेल तर निदान हातानंच होतं. कोपर सरळ ठेवून मनगट वर उचलायचं, डॉक्टरांनी ते खाली दाबायचं. उंचवट्याशी कळ आली की पुरे, सोनोग्राफी नको. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात ओसरतंही. मात्र सहा महिने नेटानं व्यायाम करूनही चहाचा कप उचलवत नसेल, तर सोनोग्राफी जरूर करा. साध्या एक्स-रेत कंडरा नीट दिसत नाही.

या तपासणीत कोपर वाकवून, तळहात खाली करून हात टेबलावर ठेवतात. निरोगी कंडरा पडद्यावर विंचरलेल्या केसांसारखी दिसते, पांढुरक्या सरळ रेघांची. झिजलेली कंडरा जाड आणि काळसर होते, रेघा पुसट होतात. कुठं कॅल्शियमचे पांढरे कण असतात, तर रक्तप्रवाह दाखवणारं डॉप्लर लावल्यावर नव्या रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके लुकलुकतात. मधेच अगदी काळी फट दिसली, तर कंडरा फाटल्याची शंका येते. पण प्रोब, म्हणजे कोपरावर फिरवायचं उपकरण, जरासा तिरका झाला तरी चांगली कंडरा काळी दिसू शकते! म्हणून जाणकार डॉक्टर प्रोब हलवून, आडवा धरून पाहतात आणि दुसऱ्या कोपराशी ताडून बघतात.

कळ थांबल्यावरही हा काळसरपणा राहू शकतो. तेव्हा रिपोर्ट वाचून घाबरू नका, दर महिन्याला सोनोग्राफीही नको. कंडरा अगदी निरोगी दिसली, तर दुखण्याचं मूळ मानेत किंवा कोपराजवळच्या नसेत शोधावं लागतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनची घाई मात्र करू नका, हे मी कळकळीनं सांगते. काही आठवडे बरं वाटतं, पण वर्षानंतर पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांचीच स्थिती अधिक चांगली आढळली आहे. आधी घेतलं असेल, तर कधी आणि किती वेळा, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि फाट असल्यास ती किती लांब, किती खोल, हे रिपोर्टमध्ये लिहून मागा. पुढचे उपचार ठरवताना तुमच्या डॉक्टरांना ते लागेल.