चारीवर फ्ल्यूम बसवताना



पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं आणि पाणीपट्टी घनमीटरवर घ्यायची, असं 2005 च्या कायद्याने ठरलं. तेव्हा चारीच्या तोंडाशी बसणारा फ्ल्यूम हा संस्थेचा तराजू समजा. आज 9 इंची पार्शल फ्ल्यूमबद्दल बोलू.

फ्ल्यूम तोंडाशी रुंद, मध्ये गळ्यापाशी अरुंद आणि पुढे पुन्हा पसरलेला असतो. तोंडाकडचा सपाट तळ जिथं संपतो आणि गळ्याचा उतार सुरू होतो, त्या कडेला आपण उंबरा म्हणू. उंबऱ्याच्या पातळीपासून पाणी किती चढलं ते मोजपट्टीवर बघायचं. 15 सेंटीमीटर असलं तर सेकंदाला 29 लिटर, म्हणजे एक क्युसेकला थोडं वर. एक क्युसेक तासभर चाललं की एकरभर रानात इंचभर पाणी होतं.

हा आकडा खरा केव्हा? खालचं पाणी मोकळं पळत असेल तेव्हाच. समजा, खालची चारी गवताने तुंबली, पाणी मागे फुगलं आणि 15 च्या जागी 18 दिसू लागले. तक्ता 39 लिटर सांगणार. रानात मात्र येणार तेच 29. तासाला 36 घनमीटर न मिळालेल्या पाण्याचे पैसे सगळ्यांनी भरायचे! फ्ल्यूमच्या पायथ्याशीच दगडमाती टाकून आपल्या उंच रानात पाणी चढवणारा एखादा गडी गावोगाव असतोच. त्याला हा हिशेब जरूर सांगा.

म्हणून उंबऱ्याची उंची नीट ठरवा. चारी भरून चालू असताना काठाला पाण्याची खूण करा. उंबऱ्यावर 15 सेंटीमीटर पाणी धरलं, तर खालचं पाणी उंबऱ्याच्या वर 9 पेक्षा जास्त नको. गवत वाढतंच, तेव्हा 7 च धरा. म्हणजे उंबरा खुणेच्या 7 सेंटीमीटर खाली आला. मग वरच्या अंगाला पाणी पूर्वीपेक्षा 8 सेंटीमीटर चढेल. तेवढे काठ आधी उंच करून घ्या, नाहीतर पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जाईल.

जागा सरळ चारीतली हवी. चारी 60 सेंटीमीटर रुंद असेल तर वरच्या बाजूला निदान 6 मीटर वळण नको, दार नको. तळ धुम्मसाने ठोकून घ्या. सपाट तळ पाणसळीने उभा-आडवा दोन्हीकडून तपासा. बाजूने, खालून पाणी झिरपायला फट ठेवू नका. तिथून गेलेलं पाणी मोजलं जात नाही. पुढे दगड पसरा, म्हणजे चारी खचणार नाही.

मोजपट्टी गळ्यात लावू नका. उंबऱ्यापासून तिरक्या भिंतीवर मागे 59 सेंटीमीटर मोजा आणि तिथं लावा. तिचं शून्य उंबऱ्याच्या पातळीला हवं, चारीच्या तळाला नव्हे.

पाणी सुटलं की गळ्याकडे बघा. पाणी तिथं खाली झुकून पुढे उसळी घेत असेल तर ठीक. सपाटच वाहत असेल तर फ्ल्यूम बुडाला. आधी खालची चारी साफ करा, मगच आकडा वहीत लिहा.

हे काम आवर्तनाच्या आधी, चारी कोरडी असतानाच धरा. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं.