देवपुरात सोशल वर्कर शोधताय? आधी कीवर्ड बदला

देवपूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये. मोठ्या भावाने नोकरी सोडली, चार महिने खोलीतून फारसा बाहेर येत नाही, घरात रोज वाद. त्याचा प्रश्न असा: ‘सिरीजमध्ये लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर दाखवतात, तसं धुळ्यात कोण आहे? मोबाईलवर काहीच सापडत नाही.’

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण इथे कीवर्डच चुकतोय. ते लायसन्स अमेरिकेतलं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचं पद म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची व्याख्याच दिलीये: समाजकार्यात पदव्युत्तर पदवी, वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटसोबत काम करून. नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. म्हणून कुणी ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावली असेल, तर शिक्षण काय आणि नोंदणी कुठे, हे बिनधास्त विचारा. आपण चार्जर घेताना पण ओरिजिनल आहे का विचारतोच ना!

आता जायचं कुठे? पांझरेचा पूल ओलांडा. हिरे मेडिकलच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथल्या ओपीडीचा केसपेपर काढा. दुसरा रस्ता जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. या कार्यक्रमाच्या टीममध्ये सायकियाट्रिक सोशल वर्करचं पद धरलेलं असतं. तेव्हा नुसतं ‘डॉक्टर आहेत का’ नको, या पदाचं नाव घेऊन विचारा. ते पद भरलेलं नसेल, तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे मानसोपचार करणारे नव्हेत, पण योजना, कागदपत्रं, पुढे कुठे पाठवायचं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. सरकारी दवाखान्यात हा माणूस कामाचा, आणि लोक त्यालाच विसरतात.

‘लोके काय म्हणतीन?’ हा खान्देशातला कायमचा प्रश्न. त्याच कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. दवाखान्याच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर कायदा काही करू शकत नाही, हेही खरंय. तोवर फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, नंबर 14416. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि भाऊ जीव द्यायची भाषा करत असेल, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

व्हॉइस नोटच्या शेवटी मित्र म्हणाला, ‘पण भाऊ यायलाच तयार नाही.’ मग दादा, पहिल्यांदा तूच जा. घरच्यांशी बोलणं हा सोशल वर्करच्या कामाचा मोठा भाग असतो. झोप, जेवण, पैसे, भांडण कशावरून पेटतं, हे सगळं कागदावर लिहून ने. आईला यायचं असेल तर तिलाही सोबत घे.